आईला पाठवलेले पुडे

कोपरीच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी टॅक्सी उभी होती आणि आई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. आत पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. "विमानतळावरचं काहीबाही खाऊ नकोस रे," म्हणाली. बाबांना जाऊन वर्ष होत आलेलं. मी मेलबर्नला निघालेलो. टॅक्सीत बसतानाच ठरवलं, आईला काही कमी पडू द्यायचं नाही.

ते मी कसं पाळलं ते सांगतो, कारण माझ्यासारखे बाहेर गेलेले कितीतरी जण आज तेच करतायत. दर शनिवारी मी मोबाईलवरून आईकडे सामान पाठवायचो. तांदूळ, डाळ, आणि सोबत बिस्किटं, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, क्रीमचे केक. ॲपच सुचवायचं, मी फक्त बोट लावायचो. इकडे मीही लॅपटॉपसमोर चिप्सची मोठी पिशवी घेऊन बसायचो आणि बोटं तळाला लागली की कळायचं, संपली. ते चावावं लागत नाही, तोंडात विरघळतं. पोट भरल्याचं डोक्याला कळेपर्यंत पुडा रिकामा. आणि हे असं व्हावं म्हणूनच कुणीतरी पगार घेऊन ती चव बसवलेली असते. वर आपल्यालाच ऐकवतात, तुमचा तोंडावर ताबा नाही!

दोन वर्षांनी घरी आलो. दुसऱ्या मजल्यावर चढताना आई तीनदा थांबली. पाय सुजलेले. डॉक्टरांनी शुगर आणि बीपी, दोन्ही सांगितलं. स्वयंपाकघरात मी पाठवलेल्या डाळीच्या पिशव्या न फोडलेल्या, तांदळाला कीड. कचऱ्याच्या डब्यात मात्र रिकामी वेष्टनं काठोकाठ.

मी ओरडलो. "आयुष्यभर आम्हाला गरम वाढलंस आणि स्वतः हे खातेस?"

"एकटीसाठी कुकर कुणी लावायचा?" तिचाही आवाज चढला. "भूक नसतेच रे. टीव्ही लावते, पुडा फोडते, मग हात थांबत नाही. आणि पाठवतं कोण? तूच ना?"

मी उठलो. होते नव्हते तेवढे पुडे पोत्यात भरले आणि खाली टाकून आलो. आई शांतपणे म्हणाली, "उद्या तू गेलास की मी दुकानातून आणीन. कितीसा पहारा देशील?"

खरंच होतं. तळमजल्यावर नलूताई राहतात, त्याही एकट्या, चहा-टोस्टवर दिवस काढणाऱ्या. दोन दिवसांनी आईच उठून त्यांच्याकडे गेली. ठरलं की दोघींचा कुकर एकच लागेल, आमच्याकडे, आणि भाजी नलूताई आणतील. पहिले आठ-दहा दिवस आई सारखी चिडायची. डोकं दुखायचं. एकदा नलूताईंनी तिला गॅलरीत बिस्किटं खाताना पकडलं, तर दोघींत अबोला. मग नियम झाला, पुडा घरात ठेवायचा नाही. खावंसं वाटलं तर जेवण झाल्यावर खाली उतरायचं, छोटा पुडा घ्यायचा, दोघींत वाटून तिथेच संपवायचा. बरेचदा जिने आठवूनच राहून जातं, असं आई सांगते.

मेलबर्नला परतल्यावर मीही चिप्सच्या पिशव्या घरात आणणं बंद केलं. काही आठवडे जमतं, काही आठवडे नाही. दुकानात त्या पुड्यांच्या रंगीत भिंतीसमोर उभा राहिलो की अजून संताप येतो. ते बनवणाऱ्यांचा येतो, आणि तितकाच माझा. आईजवळ बसून जेवायला मी नव्हतो, म्हणून पुडे पाठवत होतो.

मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपलं ताट झाकून ठेवलेलं असतं. परवा संध्याकाळी फोन केला, तिथे तेव्हा दुपार. मागून कुकरची शिट्टी आली. "काय केलंयस?" विचारलं.

"वालाचं बिरडं. ठेव आता, नलू पानावर बसलीये."

फोन बंद झाला. मला लागलं, आणि फार बरंही वाटलं. मग उठलो आणि माझ्यापुरता भात टाकला.