लाल बर्फ

न्यू ऑर्लिन्सच्या बारवाल्यांचा एक कायदा कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. बर्फाजवळ काच फुटली, की त्या बर्फावर लगेच डाळिंबाचं लाल सरबत ओतायचं. बर्फात काच दिसत नाही. लाल बर्फाला मात्र कुणी हात लावत नाही. मला हे अर्नेस्टाइन बातिस्तनं शिकवलं, ती काम करायची त्या बारमध्ये मी ग्लास धुवायचो तेव्हा. पुढे मी कामगारांची संघटना काढली, मालकांच्या शिव्या खाल्ल्या, दिल्याही. अर्नेस्टाइन मात्र कधी सभासद झाली नाही. "भांडण तू कर, बेबी. मला दारू ढवळू दे."

ढवळायचीही अशी, की चमचा काचेला लागल्याचा आवाज यायचा नाही. गेल्या हिवाळ्यात तो आवाज आला. तिचे हात थरथरू लागले होते. मॅनेजर लँड्रीनंही ऐकलं. "मिस अर्नेस्टाइन, आणखी एक ग्लास फुटला की तुम्ही गोदामात." गोदामात! बाटल्यांशी काय बोलणार होती ती?

परवा दुपारी मी तिच्यासमोरच बसलो होतो. बर्फाच्या पेटीत थंड करत ठेवलेला लांब दांड्याचा ग्लास तिनं उचलला आणि तो पेटीच्या काठाला लागला. टिच्.

"काही नाही झालं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. त्याच पेटीतला बर्फ घालून तिनं व्हिस्कीचा आखूड ग्लास बनवला. वाढपिणीनं तो खिडकीशी बसलेल्या पाहुण्याला नेऊन दिला. मग अर्नेस्टाइननं लांब दांड्याचा ग्लास उजेडात धरला. काठाचा नखाएवढा तुकडा गायब.

लँड्री मागेच उभा होता.

"बर्फ मी गुपचूप बदलतो, गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको," तो हळूच म्हणाला. "तुम्ही गप्प राहा. हातांचा विषय कायमचा बंद."

"आणि तुकडा त्या माणसाच्या ग्लासात असला तर?"

"नसेल हो."

"तुझ्या आईला दिला असतास का रे तो ग्लास?"

"नोकरी हवीय ना?"

माझं डोकं सणकलं. मी उठलो, तर तिनं नजरेनंच मला खाली बसवलं. सरबताची बाटली दोन्ही हातांनी धरून पेटीवर उपडी केली. अर्धं सरबत बाहेर सांडलं.

बारला टेकलेले सगळे गावचेच. एकेक ग्लास खाली ठेवला गेला.

"कुणाचा हात चुकला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझा."

खिडकीशी बसलेला पाहुणा परगावचा. त्याला काय कळणार! "वा, आज सण वाटतं!" असं म्हणून त्यानं ग्लास तोंडाला लावला.

अर्नेस्टाइन बारमागून बाहेर आली, भराभर त्याच्यापर्यंत गेली आणि ग्लास काढून घेतला. हात थरथरत होता. लपवला नाही तिनं.

"यात काच असेल, बेबी. किती प्यायलास?" तिनं ग्लास तिरका केला. तळाशी घोटभर दारू. "बर्फ कुठाय?"

"चावला," तो हसत म्हणाला. "सवयच आहे. बायको ओरडते त्यावरून."

कुणी हसलं नाही.

"लँड्री, ॲम्ब्युलन्स बोलाव," ती म्हणाली. "मग गोदामाची किल्ली दे." ती पाहुण्याच्या शेजारी बसली, त्याचा हात हातात घेऊन. आता तोही हसत नव्हता. जीभ गालात फिरवत होता, हळूहळू, काहीतरी चाचपडत.