हलू नका!

धावणाऱ्या माणसांना "हलू नका!" असं ओरडून सांगणारा फोटोग्राफर मी आयुष्यात एकच पाहिला. वसईजवळच्या सांडोर गावचे काका. सगळी हयात लग्नांचे आणि चर्चमधल्या सोहळ्यांचे फोटो काढण्यात गेली, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लागला की ते शब्द तोंडातून आपोआप सुटायचे. धापा टाकणारी माणसंही खुदकन हसायची आणि काका नेमकं ते हसू टिपायचे.

गुडघ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी माझं पळणं बंद केलं, तेव्हा मी विरारच्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होते. घर खायला उठायचं. एका रविवारी राहवलं नाही, तेव्हा नवा कॅमेरा गळ्यात अडकवून आगाशीच्या रस्त्यावर शर्यत बघायला गेले. पळणाऱ्यांच्या मागे मागे कडेनं लंगडत जात होते. एक फोटो धड येईना. कुणाचं डोकं उडालेलं, बाकी सगळ्या पाठीच पाठी. तेवढ्यात टोपी घातलेले एक गृहस्थ खेकसले, "बाय, तू काय शर्यत जिंकायला निघालीस? एका जागी बस. ते येतात तुझ्याकडे!"

तेच काका. मला बस म्हणाले, पण स्वतः कधी एका जागी टिकले असतील तर शपथ! "इथला उजेड मेला," म्हणत मला मागे बसवून स्कूटरला किक मारायचे आणि पुढचं वळण गाठायचे. तिथं पोचून मी जरा टेकते न टेकते तोच पुन्हा किक. वैताग यायचा. पण हे काम मी शिकले ते त्यांच्यामागे फिरूनच. रस्त्याच्या कडेला खाली बसायचं, छातीवरचा नंबर दिसला पाहिजे, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की बटण दाबायचं. आणि शटरचा वेग हजाराच्या वर, म्हणजे पळता पायही फोटोत जागच्या जागी थिजतो. तो मी कमी तर केला नाही ना, हे ते दर थोड्या वेळानं माझा कॅमेरा ओढून बघायचे.

चहा मात्र अर्धाच ग्लास घ्यायचे. "पित्त होतं," म्हणायचे. बक्षीस समारंभ हॉलमध्ये असला की मला आत ढकलायचे. "तू जा. भाषणं ऐकून माझं डोकं उठतं." म्हातारा तऱ्हेवाईक आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग त्यांच्या नातीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा, ठरलं. काकांनी मला सांडोरला घरी बोलावलं आणि म्हणाले, "चर्चमधले फोटो तू काढायचे."

"तुम्ही असताना मी? काहीतरीच काय काका!"

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं आपली आपण हलत होती, चिमटीत पिठाची गोळी वळत असल्यासारखी.

"लोकांना जन्मभर हलू नका सांगितलं," ते म्हणाले. "आता ह्याला सांगतो, तर हा ऐकत नाही. चर्चमध्ये उजेड कमी, शटर हळू ठेवावं लागतं. सगळा फोटो हलतो. रस्त्यावर बरं. ऊन असतं, शटर हजाराच्या वर. कुणाला कळत नाही."

अर्धा ग्लास चहा, हॉलबाहेर थांबणं, सगळं एकदम उमगलं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. पळता येत नाही म्हणून मी त्या रस्त्यावर आले होते आणि हात स्थिर राहत नाही म्हणून काका.

नातीचे फोटो मी काढले. माझ्या मागे उभं राहून काका कुजबुजत होते, "थांब... आत्ता!"

पुढच्या हिवाळ्यात काकांच्या मुलानं त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. त्यानंतरच्या शर्यतीला काका रिक्षानं आले, कॅमेरा न घेता. वळणावर उभे राहून, उजवा हात उंच करून, येईल त्याला "हलू नका!" ओरडत होते. मी सवयीप्रमाणे खाली बसले, शटर हजाराच्या वर असल्याची खात्री केली आणि त्यांचा फोटो घेतला.

तो मोठा करून त्यांच्या घरी घेऊन गेले. काका ओटीवर केळीच्या बागेकडे तोंड करून बसले होते. उजवा हात मांडीवर हलत होता. फोटो त्यांनी डाव्या हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. फोटोतल्या उंच हाताची पाचही बोटं स्वच्छ, स्थिर आली होती.

"बघ बाय," ते म्हणाले, "ऐकलं शेवटी त्यानं."