मैदानातली चार दारं

सकाळी साडेसातला अस्मिताचा फोन आला. अस्मिता म्हणजे तारावहिनीची नात. “आजोबा, आजी गेली,” एवढंच बोलली. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो माझा मलाच आला. कारण जायच्या आधी पंधरा दिवस तिने मला एक साधं काम सांगितलं होतं आणि मी ते केलं नव्हतं. त्या दिवशी मी दादरहून तिला भेटायला लोअर परळला गेलो होतो. निघताना तिने खाटेवरूनच पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्या घरातून पाणी न पिता कोणी बाहेर पडायचं नाही, हा नियम. मी म्हटलं, “नको वहिनी, या वयात वाटेत पंचाईत होते.” तिने डोळे बारीक केले. “म्हणजे आता तूपण दाबून धरतोस? आणि मैदानात आपण बांधलं ते काय झालं रे? बघून ये आधी आणि मला सांग.” मी हो म्हटलं. गेलो मात्र नाही.

मैदानात आम्ही बांधलं होतं ते सार्वजनिक शौचालय. स्मृतिलेखात हा शब्द वाचून कोणी नाक मुरडणार असेल तर खुशाल मुरडावं, वहिनीला त्याची सवय होती. ती मालवणकडून लग्न होऊन लालबागच्या आमच्या चाळीत आली. आमचं बिऱ्हाड शेजारी, मी तिच्याहून चार वर्षांनी लहान. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला आणि मी गिरगावातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळच्या आमच्या मैदानात आठवड्याला एक तरी सभा, आणि सभेला चाळीच्या चाळी लोटायच्या. बायका पुढे, व्यासपीठाच्या पायाशी. पण सभेचा दिवस म्हटला की बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. नवी सून आली की थोरल्या तिला हे व्रताच्या नियमासारखं शिकवत. कारण मैदानात जायला जागा नव्हती. आम्हा पुरुषांना भिंती पुरत होत्या, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. आज हे लिहिताना लाज वाटते.

एका सभेत भर उन्हात वहिनी कोसळली. धावपळ झाली. व्यासपीठावरून कोणीतरी माइकवर सांगून टाकलं की आपल्या एका भगिनीने महाराष्ट्रासाठी निर्जळी उपास धरला आहे. टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्या आवाजानेच बहुतेक ती शुद्धीवर आली. उठून बसली आणि समोरच्या स्वयंसेवकाला म्हणाली, “उपास कसला मेल्या? पाणी प्यायले नाही. प्यायले तर जाऊ खंय?” तो बिचारा लाल झाला. आजूबाजूच्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या... सगळ्याच जणी तशाच, पाणी न पिता बसल्या होत्या.

योग असा की त्याच सुमारास मैदानाच्या कमिटीने मुतारी बांधायचं ठरवलं आणि तिचा नकाशा आमच्या कचेरीकडे आला. साहेबांनी तो माझ्यावर टाकला. काम केवढं, तर पुरुषांसाठी सहा उभ्या जागा. मी मोठ्या ऐटीत आपणहून पलीकडे बायकांसाठी चार संडास काढले आणि कागद घेऊन वहिनीकडे गेलो, शाबासकी घ्यायला. एक इंच म्हणजे चार फूट वगैरे समजावू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इंच माका सांगू नको. खरं केवढं ते जमिनीवर काढ.” चाळीच्या चौकात रांगोळीने मी एक संडास पूर्ण मापाचा काढला. नऊवारीतली वहिनी शेजारचं पोर काखेला मारून, खांद्याला पिशवी अडकवून त्यात उभी राहिली. “दार आत उघडतं?” “हो.” “मग ते लावायला मी उभी कुठे राहू? भोकात?” सगळा चौक हसला. “दोन्ही हात कासोट्याला लागतात. पिशवी कुठे ठेवू? पोर काय दातात धरू?” मी पुसत होतो, पुन्हा काढत होतो. दार बाहेर उघडायला लागलं, भिंतीला खुंटी आली, कोपऱ्यात पोराला बसवायला कट्टा आला. खुंटी किती उंचीवर, ते तिने हात वर करून दाखवलं, मी टेपने मापून घेतलं. आणि मग तिने विचारलं की ही दारं कुठे तोंड करून आहेत. मी म्हटलं, मैदानाकडे. तिने कपाळावर हात मारला. समोर चहाचं दुकान. गिरणी सुटायच्या वेळी तिथे पन्नास पुरुष बसलेले. त्यांच्या डोळ्यांदेखत कोणती बाई आत जाणार होती? नकाशा काढणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दारं मागे फिरवली आणि पुढे आडभिंत घातली. बाजूच्या चाळीतली सोनूबाई, नुकतीच बौद्ध झालेली, इतका वेळ गप्प उभी होती. ती म्हणाली, “आणि हे धुणारी जी येणार, तिला हातपाय धुवायला नळ कुठाय?” मी नळ काढला.

कमिटीने नकाशा परत पाठवला. बायकांची बाजू नको. साहेब मला म्हणाले, काढून टाक. आणि मी काढली. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने हळूहळू खरवडावी लागते. चार संडास, चार खुंट्या, नळ... दुपारभर खरवडत बसलो होतो. नोकरी नवी होती, घरी वडील आजारी होते. ही कारणं खरी आहेत आणि तरीही पुरेशी नाहीत. वहिनीला मीच सांगितलं. ती ओरडली नाही. “तुझ्या लेखणीपेक्षा तुझं ब्लेड बरं चालतं,” म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून परस्पर ती कमिटीच्या खोलीवर गेली. मला मुद्दाम बरोबर नेलं, मान खाली घालून उभं राहायला. कमिटीचे मुख्य अप्पा. माणूस सोन्यासारखा, चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि प्रेमाने म्हणाले, “ताराबाई, आधी महाराष्ट्र मिळू दे. मग बायकांच्या संडासाचं बघू.”

“म्हणजे महाराष्ट्र मिळेपर्यंत दाबून धरू म्हणता?” वहिनी म्हणाली.

ती थांबली नाही. “मोर्च्यात आम्हाला पुढे ठेवता. पोलीस बायांवर हात टाकायला कचरतात म्हणून. टाकलाच तर पहिली लाठी आमच्या पाठीत. तेव्हा नाही म्हणालात कधी, बायका नंतर?” चहा न पिता ती उठली. पुढच्या सभेला अप्पा आले तेव्हा व्यासपीठासमोरची बायकांची जागा भरलेली होती, पण तांब्यांनी. प्रत्येक बाईने आपला तांब्या आपल्या जागेवर पालथा ठेवला होता, आणि बाया सगळ्या मैदानाच्या कडेला उभ्या. वक्ते त्या पालथ्या तांब्यांकडे बघत भाषणं करत होते. एकाचंही नीट जमलं नाही. सभा संपल्यावर अप्पा माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तो पहिला नकाशा आहे का रे तुझ्याकडे?” खरवडलेलं मी त्या रात्री पुन्हा काढलं. या वेळी रेघ जाड ओढली.

इमारत झाली. मुंबईत तेव्हा नारळ फोडायला पुढारी कमी नव्हते, पण संडासाच्या उद्घाटनाला कोणी फिरकलं नाही. वहिनी सगळ्यांसमोर आडभिंतीमागे गेली, बाहेर आली, सोनूबाईच्या नळावर हात धुतले आणि तांब्याभर पाणी गटागट प्यायली. तेच उद्घाटन. “महाराष्ट्र व्हायच्या आधी आमचा संडास झाला,” असं ती पुढे आयुष्यभर सांगत असे, आणि ऐकणारा हसला की तिला राग येई. तिला ती हसण्याची गोष्ट कधीच वाटली नाही. मलाही वाटत नाही.

तिच्या तेराव्याला मी लोअर परळला गेलो. निघताना अस्मिताने तांब्या पुढे केला. मी तो संपवला. मग तिने स्वतःसाठी भरला, तिनेही संपवला, आणि आम्ही दोघं मैदानात गेलो. इमारत आहे. पुरुषांची बाजू उघडी होती. बायकांकडे आडभिंतीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलेलं आणि आत मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या. राखणदार म्हणाला, “इकडे बायका येतातच कुठे साहेब? चावी ऑफिसात असते. उद्या या.” पूर्वीचा मी असतो तर बरं म्हणून निघालो असतो. ही बाजू एकदा मी माझ्या हातांनी खरवडली आहे... पुन्हा नाही. मी तिथेच राखणदाराची खुर्ची ओढून बसलो आणि त्याला सांगितलं, “उद्या नाही, आज. आम्ही दोघं तांब्याभर पाणी पिऊन आलोय. चावी येईपर्यंत हलणार नाही.”

चावी यायला पाऊण तास लागला. बांबू आम्ही तिघांनी बाहेर काढले. पहिलं दार जरा करकरलं, पण उघडलं, बाहेरच्या बाजूला. खुंटी जागेवर होती, वहिनीने हात वर करून दाखवलेल्या उंचीवर. अस्मिताने तिला पर्स अडकवली आणि दार लावून घेतलं.