रशीदचाचांचं फुकट पुणं

आमच्या इमारतीत कुणाकडे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांची बेल वाजायचीच. दारात रशीदचाचा उभे. पांढरा लेंगा, कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. "पाहुणे उठलेत का? नसतील तर उठवा. आठपर्यंत पुणं दिसतं, नंतर नुसते पुणेकर दिसतात."

कसबा पेठेत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. ते बंद झालं, पाठोपाठ चाची गेल्या, आणि तेव्हापासून लोकांचे पाहुणे फिरवणं हाच चाचांचा उद्योग झाला. नियम एकच. तिकीट लागतं तिथे जायचं नाही. शनिवारवाडा बाहेरून, दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांपर्यंत. मग नदीकाठ, ओंकारेश्वर, घाट, पूल. शेजाऱ्यांच्या आयटीतल्या जावयाने एकदा विचारलं, "अंकल, आत नाही जायचं?" चाचा म्हणाले, "तिकीट काढलं की माणूस वसूल करत फिरतो. बघत नाही." जावईबापूंना राग आला, पण खिळे मात्र ते बराच वेळ बघत उभे होते.

चाचा सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले होते आणि गुडघे कुरकुरत होते. त्यांचा मुलगा इरफान मार्केट यार्डात मसाल्याचा व्यापार करतो. तो एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "अब्बू, घाट उतरणं बंद करा आता." चाचांनी चष्मा पुसला. "ज्या दिवशी माझा पाय घसरेल त्या दिवशी फिरणंच बंद करीन, आणि तेही मीच. तुला सांगायची वेळ येऊ देणार नाही." जाताना इरफान मला हळूच म्हणाला, "ताई, लक्ष ठेवा." मी हो म्हटलं खरं, पण मला भीती होती ती निराळीच. फिरणं थांबलं तर या माणसाकडे खिडकीतल्या खुर्चीशिवाय काय उरणार होतं?

त्या श्रावणात जालन्याहून माझी मावशी आली. धरणातून पाणी सोडलेलं होतं. अशा दिवशी अर्धं पुणं कामधंदा सोडून पुलावर नदी बघायला येतं, तसं आलेलं होतं. पाणी सोडलं की चाचा कुणालाही घाटावर नेत नसत. आम्ही कठड्याशी उभे होतो. गढूळ पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळत होतं. मावशीने पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. मला पत्ताच नव्हता.

"ताई, इथूनच टाका," चाचा म्हणाले. "नदी काही परत पाठवायची नाही."

"टाकायची?" मावशी कडाडली. "ओटी भरतेत भाऊ, टाकत नसतेत. आमच्याकडं नदी म्हंजी वाळू. भरलेली दिसली आन् मी तशीच जाऊ?"

पाणी कुठवर चढलंय ते दाखवायला चाचा माझ्याकडे वळले आणि तेवढ्यात मावशी गर्दीत दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली ती खाली, घाटावर. हिरवं लुगडं, घोट्यापर्यंत पाणी. पोलीस शिट्टीवर शिट्टी मारत होता. चाचा तडक निघाले. मी मागे धावले, पण घाटाच्या तोंडाशी मला लोकांनी धरून ठेवलं.

"मावशी, वर ये!" मी ओरडत होते. तिचे दोन्ही हात भरलेले. चाचा शेवाळलेल्या पायऱ्या उतरत तिच्यामागे पोचले. आता ओढतील असं वाटलं. त्यांनी ओढलं नाही. मावशीने नंतर सांगितलं, तिच्या कोपराला हात लावून ते म्हणाले, "सावकाश. आधी खण. अर्धी ओटी घेऊन तुम्ही वर येणार नाही, एवढं कळतं मला."

पाणी पोटऱ्यांना लागलं. मला दोघांचाही असा संताप आला की सांगता सोय नाही. खण गेला, तांदूळ गेले, नारळ गेला. तेवढ्यात वाहत आलेला एक ओंडका पायरीवर आदळला. दोघं डगमगले, एकमेकांना बिलगल्यासारखे झाले, छत्री वाहून गेली. माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा दोघं हातात हात घालून पायऱ्या चढत होते. पुलावर टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला होता आणि दुपारपर्यंत तो सगळ्या पेठेने पाहिला.

मावशी जालन्याला परतली आणि रविवारी आमच्या पार्किंगमध्ये चाचांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, "जिवावर उदार होऊन" वगैरे अध्यक्षांचं भाषण. इरफानचे डोळे भरून आले होते. उठून म्हणाला, "अब्बू, यापुढे मी तुम्हाला कधी अडवणार नाही. फिरा बिनधास्त." मला इतकं बरं वाटलं की सगळ्यांच्या आधी मीच टाळ्या वाजवल्या.

चाचांनी शाल खांद्यावरून काढली. तिची नीट घडी केली.

"शाल चुकीच्या माणसाला आणलीत. माझा पाय घसरला होता. जालन्याच्या ताईंनी मला धरलं म्हणून मी इथे उभा आहे." मग इरफानकडे वळून म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं? झालं तर मग." नारळ टेबलावर ठेवला आणि जिन्याचा कठडा धरत ते वर निघून गेले. इरफान तसाच उभा होता. त्यानंतर चाचा दोन वर्षं होते, पण पाहुण्यांना घेऊन बाहेर पडले नाहीत.

सत्काराच्याच संध्याकाळी मी मावशीला फोन लावला. "मावशी, खरं आहे का हे?"

ती म्हणाली, "वर येताना मीच म्हटलं व्हतं त्यांना, भाऊ, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. मी कुणापाशी बोलले नाही गं."

"अगं, मग त्यांनी तरी कशाला सांगितलं? कुणालाच कळलं नव्हतं."

"त्यांना कळलं व्हतं की," मावशी म्हणाली.