खाटेवरची बाई

पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, समुद्रातून काढलेली प्रेतं पाहिली. पण मी खरा घाबरलो तो एका साध्या विमा-फसवणुकीच्या तपासात. तो दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांना आधीच पुरेसा त्रास झालाय.

सुरुवात निनावी फोनने झाली. अमुक खासगी रुग्णालयात विम्यासाठी खोटे पेशंट दाखवतात, एवढं सांगून फोन बंद. निनावी फोनवर उड्या मारणारा अधिकारी मी नव्हे, कारण निम्मे फोन आकसापोटी येतात. पण पाठोपाठ विमा कंपनीची लेखी तक्रार आली. सावर्ड्याजवळच्या एका गावातली बाई, नवरा आखातात नोकरीला. तिच्या विम्याच्या कार्डावर त्याच रुग्णालयात वर्षात तीनदा दाखल झाल्याची नोंद होती. कंपनीच्या माणसाने फोन केला, तर बाई म्हणाली, मी त्या रुग्णालयाची पायरीही चढलेली नाही.

प्रकरण सरळ वाटलं. हवालदाराला जीप देऊन बाईच्या घरी पाठवलं, चौकशीच्या वेळी घरी हजर राहायची नोटीस बजावली. बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो, म्हणून तिकडे मी नंतर जाणार होतो. आधी रुग्णालयाच्या माणसाला ठाण्यात बोलावलं.

पन्नाशीचा गृहस्थ, राजापूरकडचा. शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. पेशंट दाखल करून घेणं आणि डॉक्टरांनी लिहिलेलं निदान विमा कंपनीसाठी आकड्यांत बसवणं, हे त्याचं काम. प्रत्येक आजाराला एक ठरलेला कोड असतो, कंपनीला तोच लागतो. पुढ्यात ठेवलेला चहा त्याने घेतला नाही.

"हे एन तीस म्हणजे काय प्रकरण?" मी विचारलं.

"मूत्राशयाची सूज, साहेब. जंतुसंसर्ग. बायकांना होतो तो नेहमीचा त्रास."

"मग तीन वेळचे आकडे सारखे का नाहीत?"

"शेवटचा आकडा शून्य म्हणजे लघवीत रक्त नाही. एक म्हणजे रक्त आहे. पहिल्या वेळी शून्य होता. पुढे दोनदा एक."

"का? बाई खोटी, मग आजार जरा मोठा दाखवू म्हणालात?"

इतका वेळ खाली मान घालून बोलणारा तो माणूस एकदम ताठ झाला. "रक्त होतं म्हणून लावला. बाई लघवीची बाटली पदराखाली झाकून घेऊन आल्या होत्या. वॉर्डातल्या मावशीने ती काढून टेबलावर ठेवली. कोकमच्या सरबतासारखी लाल होती, साहेब. मी पाहिलंय." मग म्हणाला, "मला आत टाका हवं तर, पण त्या बाईंना आधी शोधा. शेवटच्या तपासणीत जंतू सापडलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात, हा संसर्ग नव्हे, आत दुर्बीण घालून बघायला हवं. मी रोज फोन लावतोय. त्या कापतात."

खोटं बोलणारा माणूस आपली सुटका शोधतो. हा आपला पेशंट शोधत होता. मी बसल्या जागेवरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गाठ असू शकते. एकेक दिवस महत्त्वाचा आहे." फोन ठेवून मी विम्याची नोंद पुन्हा पुढ्यात ओढली. कार्डावरची बाई म्हणते मी गेलेच नाही, आणि खाटेवर तर कुणीतरी झोपली होती. मग ती होती कोण, आणि आता कुठे होती?

महिला हवालदार आणि त्या गृहस्थाला घेऊन मी तडक सावर्ड्याकडे निघालो. घराच्या पडवीत बाई फणसाचे गरे साफ करत बसली होती. आम्हाला बघून, चीक लागू नये म्हणून तेल लावलेले हात पदराला पुसतच राहिली. मी गृहस्थाला पुढे केलं.

"साहेब, या नव्हेत," तो म्हणाला. "त्या याहून बारीक होत्या. वयानेही लहान."

बाईने गरे बाजूला सारले. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की अशी माणसं मुकी होतात.

"कार्ड कुणाला दिलंत?"

"धाकट्या जावेला." ती जमिनीकडे बघत बोलायला लागली. "तिचा नवरा बोटीवर खलाशी. विमा कुठला त्यांच्याकडे? आमच्यात तुझं-माझं कधी नव्हतंच. माझी साडी ती नेसते, माझी मुलं तिच्या हातचं जेवतात. कार्डही तसंच दिलं. चोरी करतोय असं मनातसुद्धा आलं नाही. कंपनीचा फोन आला तेव्हा घाबरले आणि नाही म्हणून बसले."

"ती आहे कुठे?"

"बुरोंडीला, माहेरी. तुमची गाडी आली त्याच दिवशी मी पाठवली तिला. मोबाईलही बंद ठेवायला सांगितला."

"बरी आहे का?"

"बरं वाटतंय म्हणाली."

तेव्हा त्या गृहस्थाने तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, शब्द जपून. पण गाठ म्हटलं की गाठच. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. "कार्डावर नंबर माझाच. ते फोन मीच कापत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हा पोलिसांनीच करायला लावलेत."

पोलिसांची गाडी बघून धाकटी घाबरू नये म्हणून जीप तिथेच सोडली, एक खासगी गाडी घेतली, मी साधे कपडे चढवले. चिपळूण, खेड, दापोली, सगळा रस्ता वळणांचा. सोबत घेतलेली थोरली जाऊ धाकटीच्या बंद मोबाईलवर पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. मी तिला एकदाही नको म्हटलं नाही.

बुरोंडीच्या घरासमोर मासळी सुकत घातली होती. धाकटीची आई बाहेर आली, म्हणाली, आता तर इथेच होती. मागचं दार उघडं. दारापासून पायवाट विहिरीकडे गेलेली. अनोळखी गाडी थांबलेली बघून ती पळाली, हे मला कळलं होतं. मी विहिरीकडे धावलो. वाकून पाहिलं. पाणी हलत नव्हतं. वर बघितलं तर महिला हवालदार न्हाणीघराकडे बोट दाखवत होती. दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, कडी निघाली नाही. दार मोडायला मी खांदा लावणार तोच थोरली पुढे आली.

"अगो, मी आहे. उघड."

आतून आवाज आला. "तुला धरलनी काय?"

"नाही गो. मीच आणलंय त्यांना."

कडी निघाली. भिंतीला धरत ती बाहेर आली. अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. न्हाणीत घाईघाईने पाणी ओतलेलं, तरी फरशीवर लाली दिसत होती. माझ्यासमोर हात जोडून ती म्हणाली, "ताईने काही केलं नाही. मी कार्ड चोरलं, असं लिहा."

मला गलबलून आलं, आणि तसं झालं की मी खेकसतो. "लिहायचं ते नंतर बघू. आधी गाडीत बस."

रुग्णालयात पोचल्यावर तो गृहस्थ आपल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि नाव विचारता झाला. धाकटीने थोरलीचं नाव सांगितलं. इतक्या दिवसांच्या धास्तीने तिच्या तोंडी तेच बसलं होतं. त्याने लिहिलं नाही. थोरली तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "स्वतःचं सांग गो." तिने सांगितलं, पण इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

गाठच निघाली. एन तीस गेला आणि दुसरा कोड लागला. त्याचं नाव त्या गृहस्थाने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शस्त्रक्रिया झाली, ती वाचली. ठरलेल्या मुदतीने आत दुर्बीण घालून बघावं लागतं, आणि दर वेळी आदल्या दिवसापासून तिचे हात गार पडतात, असं थोरली सांगते. गुन्हा गुन्हाच होता. मी कागद रीतसर कोर्टात पाठवले, पुढे कंपनीने कोर्टाच्या परवानगीने तडजोड केली.

त्या तपासाने मला एवढं शिकवलं, की पोलिसाला बघून पळणारा माणूस दर वेळी गुन्ह्यापासूनच पळत असतो असं नाही. त्या दोघी आम्हाला भीत होत्या, आणि ज्याला भ्यायला हवं होतं ते धाकटी पोटात घेऊन बुरोंडीला गेली होती. त्यानंतर मी कुठल्याही घरी जीप पाठवण्याआधी, त्या घरात कुणी आजारी आहे का, हे विचारायला लागलो.

आणखी एक सांगायचं राहिलं. नाव लिहून झाल्यावर त्या गृहस्थाने विचारलं होतं, "सोबत कोण? नातं काय?"

"सख्खी बहीण," थोरली म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या प्रकरणात माझ्यादेखत झालेली ती एकच खोटी नोंद. मी त्याला म्हटलं, "लिहा."