देवघरातला काठीवाला म्हातारा

साठ साल उजाडायचं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. हे आगबोटीवर खलाशी. कुठल्याशा बंदरातून ह्यांनी एक रंगीत छापील चित्र पाठवलं. काळं आभाळ, भिंतीसारखा उभा राहिलेला समुद्र, खडकावर काठी उगारलेला दाढीवाला म्हातारा, नि खाली लाटांत घोडे, माणसं.

सासूबाई म्हणाल्या, "समुद्र ऐकता ह्येचा. कोणतरी मोठो ऋषी आसा." झालं! चित्र देवघरात गेलं. रोज गंध, फूल. मीही हात जोडायचे, ह्यांना सांभाळ म्हणून.

मग ह्यांचं पत्र यायचं थांबलं. दोन महिने झाले, तीन झाले. त्यात एके दिवशी ख्रिस्ती सुईणबाई आमच्या गावात, मिठबावात आली, ती पाणी प्यायला आमच्याकडे टेकली. देवघराकडे बघून हसायलाच लागली.

"काकी, ह्यो तर आमच्या जुन्या पोथयेतलो! आपल्या माणसांका समुद्रातून पार केल्यान, आणि पाठसून इल्ली फौज बुडवल्यान."

"बुडवल्यान?" सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मगे ह्यो तारणारो की बुडवणारो?"

"दोनय!"

ती गेली, आणि आमच्या डोक्यात गोंधळ ठेवून गेली. म्हटलं, "आई, काढूया काय?"

"फूल घातलेलो देव विचारल्याशिवाय कसो काढतलंय गो?"

म्हणून देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर चित्र ठेवायचं, डावी पडली तर काढायचं. पडल्या दोन्ही, एकदम! गुरव डोकं खाजवत म्हणाला, "काकी, असा माझ्या जल्मात बघूक नाय."

चित्र राहिलं तिथेच. सासूबाई फूल घालायच्या, पण मान वळवून. मी मात्र रोज त्या बुडणाऱ्यांची तोंडं बघत बसायचे. एकाचं नाक अगदी ह्यांच्यासारखं! आता कुणाला हात जोडू, म्हाताऱ्याला की त्या नाकाला? आणि हात जोडलेच नाहीत, तर?

एका दुपारी पत्र आलं. आगबोट बिघडून कुठल्याशा बंदरात पडून होती. सुखरूप आहे, चित्रातली लाट बघितलीस ना, आम्हांला तशीच लागली, असं लिहिलं होतं.

सासूबाई रडल्या, मग नारळ फोडला. एक भकल म्हाताऱ्यापुढे ठेवलं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"ह्या त्या बुडलेल्यांका. जा, दर्यात सोड."

"आई, पण पावलो कोण?"

"माका काय म्हायत? दोघांकय दिलंय, झाला!"

मी गेले, सोडलं. लाटेने ते भकल परत माझ्या पायाशी आणून टाकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा आलं. शेवटी तिथेच वाळूत ठेवून घरी आले, आणि बुडलेल्यांनी घेतलं असं सासूबाईंना सांगितलं. घेतलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.