गोराईच्या ओट्यावरची प्रचारसभा

मुलुंड ते बोरिवली या रिक्षाप्रवासात माझी दाढी बोटभर वाढली. शपथेवर सांगतो, निघताना गाल गुळगुळीत होते! पुढे खाडी ओलांडायला लाँच. गोराईच्या धक्क्यावर उतरताना चिखलाने माझी एक चप्पल गिळली. एव्हाना ती मस्कतला लागली असेल.

आलो होतो शेवंतीसाठी. शाळेत माझ्याच वर्गातली ही मुलुंडच्या कोळीवाड्यातली पोर लग्न करून इथे आली, मासळी विकू लागली. यंदा महापालिकेचा इथला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि ती उभी राहिली. पोस्टरवर मात्र नवरा मोरेश्वर एवढा मोठा, की त्याच्या मिशीच्या सावलीत दोन होड्या विसावल्या होत्या. शेवंती कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"काय गं, आज काय बोलणार?" मी विचारलं.

"तिला काय विचारता? मला विचारा," मोरेश्वर म्हणाला. "भाषण माझं. निवडून आल्यावर कारभारपण मीच बघणार."

तो पुढे गेल्यावर शेवंती कुजबुजली, "आठवडाभर पाठ केलंय रे. पण हा माइक सोडेल तर ना!"

सभा भरली मासळीबाजारात. मोरेश्वरने ओट्यावर चढून घसा खाकरला आणि तिथेच फसला. इथली रीत अशी, की म्हावरं (मासळी) पुरुषाने आणावं, पण ओट्यावर (कोळणीची विकायला बसायची जागा) भाव बाईनेच बोलावा.

"ए दादल्या, ओट्यावर कोण बोलतं रे?" पुढे बसलेली पार्वतीआजी गरजली. झाडावरचे कावळे उडाले ते थेट ट्रॉम्बेला जाऊन बसले. "माइक दे बायकोला!"

शेवंती उठली. आधी पदर खोचला. मग पाठ केलेलं सगळं विसरली आणि झकास सुटली: नळाचं पाणी, धक्क्यावरचे बंद दिवे, बर्फाचे हाल. "निवडून आले तर खुर्चीत मी बसेन. ह्यांचं काही काम असेल, तर ह्यांनी रांगेत यावं!"

बाजार हसून हसून खाडीत कलंडायचा बाकी होता.

तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि इतके बोंबील हाणले, की परतताना लाँच माझ्या बाजूला झुकली. मनात आलं, पालिकांत बायकांना राखीव जागा मिळून किती वर्षं झाली. संसदेसाठीचा कायदा आत्ता कुठे झाला. उद्या दिल्लीत त्या जागा भरतील, तेव्हा तिथेही मोरेश्वर पोचतीलच. पार्वतीआजीला तेवढं विमानाने धाडायला हवं.

जेवणानंतर शेवंती पुन्हा प्रचाराला गेलेली, म्हणून तिची मासळीची पाटी घेऊन मोरेश्वरच लाँचमध्ये बसला होता. एका बाईने विचारलं, "पापलेट कसं दिलं?"

मोरेश्वरने मिशी चाचपली, फोन काढला. "थांबा हां ताई. तिला विचारून सांगतो."